घर कामिनीचे, बाकीचे माझे

देवबापाच्या नावाने सुरुवात करतो. मी, मनोहर याकोब उजगरे, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्वीचा धंदा सुतारकाम, राहणार मेकोसाबाग, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या टेबलाचा डावा पाय आखूड आहे हेही सांगितले. डोके चांगले आहे, हृदय नाही. नाताळ गाठीन असे त्यांना वाटत नाही.

कलम १. राहते घर. हे मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण ते माझे नाही. १९७१ साली वेदीपुढे कामिनीच्या बोटात आंगठी घालताना, जे माझे ते सर्व तुझे, असे मी पाळकांच्या मागून म्हटले होते. मंडळीतले सगळेच नवरे म्हणतात आणि बाहेर येऊन विसरतात. मी चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, घराचे बक्षीसपत्र करून ते तिच्या नावावर केले. माझ्याबरोबर सुतारकाम करणारा रुपराव तेव्हा हसला होता, "मनोहर, बोलायचं असते, करायचं नसते गा." तो शहाणा निघाला आणि मी मूर्ख, असे हल्ली रोज वाटते.

कलम २. हत्यारे. पटाशा, करवती, गिरमिट आणि दोन रंधे नात वैभवी हिला द्यावेत. ती नर्सिंगला आहे, तिला त्यांचा उपयोग नाही, हे मला कळते. पण लहानपणी ती लाकडाच्या भुशात बसून माझ्याशी तासन्‌तास बोलायची आणि माझे लक्ष नसले की दाढी ओढायची. तिच्याइतका जीव मी दुसऱ्या कोणात गुंतवला नाही. तिसरा रंधा १९९८ पासून रुपरावकडे आहे. मी त्याला क्षमा केली आहे, रंधा मात्र परत आणावा.

कलम ३. बँकेतली ठेव कामिनीच्या औषधपाण्यासाठी आहे. तिच्यामागे काही उरल्यास ते वैभवीला मिळावे.

कलम ४. माझी पेटी. या मंडळीतल्या कितीतरी जणांच्या शवपेट्या मी केल्या, लेकरांच्या फुकट केल्या. माझी साध्या आंब्याच्या फळीची असावी. झाकणाला स्क्रू लावावेत, खिळे ठोकू नयेत. ठोकाठोकीच्या आवाजाला कामिनी घाबरते.

कलम ५. कामिनी. हे सगळ्यांनी नीट वाचावे. कामिनी मिशनच्या शाळेत पहिलीला शिकवायची. मी तिथे फळा बसवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "फळा वाकडा बसला." मी म्हणालो, "फळा सरळ आहे बाई, तुमची भिंतच वाकडी आहे." भिंत खरेच वाकडी होती. तरी तिने मला तो तीनदा काढून बसवायला लावला, आणि तिसऱ्यांदा मी मुद्दाम वेळ लावला.

तीन वर्षांपासून तिला काही आठवत नाही. कधी मला पाळक समजते, कधी शाळेचा शिपाई. पण तिच्या हाताला घर आठवते. मी प्रत्येक दाराला वेगळी मूठ बसवली आहे. न्हाणीघराची गोल, स्वयंपाकघराची चौकोनी, झोपायच्या खोलीची माशाच्या आकाराची. मूठ चाचपून ती बरोबर जाते. या घराबाहेर तिला संडास कुठे हेही सापडणार नाही. माझी एकच इच्छा आहे. तिने शेवटचा श्वास याच घरात घ्यावा. तिला इथून हलवू नये, कामठी रस्त्याच्या त्या वृद्धाश्रमात तर मुळीच नाही.

कलम ६. मुलगा रोहित. ईस्टरपासून तो दर गुरुवारी आईला गाडीतून फिरायला नेतो. आधीची दहा वर्षे त्याला तिच्यासाठी गुरुवार सापडला नव्हता. पावसाळ्यात एक माणूस येऊन आमचे अंगण टेपने मोजून गेला. दसऱ्याच्या सुमारास तिच्या पर्समध्ये तिचेच आठ फोटो सापडले, पासपोर्टला लावतात तेवढे. फोटोत तिच्या केसांचा भांग कोणीतरी दुसऱ्यानेच पाडलेला होता. मी विचारले तर रोहित म्हणाला, "बाबा, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले? मी आहो ना." तो आहे, याचीच मला भीती वाटते. स्वतःच्या लेकराबद्दल असे लिहू नये हे मला कळते, पण खोटे लिहून मरायचे नाही.

मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, घर काकूंचे आहे, काकूंनी सही केल्याशिवाय ते कोणाला विकता येत नाही. ऐकून मी निश्चिंत झालो. तिला आता सही येत नाही. पेन दिला तर नुसता हातात धरून बसते. ज्या आजाराने माझी बायको नेली त्यानेच तिचे घर राखले, असे म्हणून मी त्या दिवशी प्रार्थनेत देवाचे आभार मानले. तेव्हा रोहितला मी क्षमा देतो, घराची चावी देत नाही. चावी वैभवीकडे राहील.

येथे मृत्युपत्र पुरे झाले.

सही: मनोहर याकोब उजगरे
साक्षीदार: १. नागसेन मेश्राम, शेजारी. २. मधुकरराव भोयर, शेजारी.

पुरवणी. सह्या चालू असताना जे घडले ते लिहिणे भाग आहे. माझ्या सहीशेजारी आंगठाही असावा म्हणून नागसेनने शाईचे पॅड आणले होते. त्याने डबी उघडली तेव्हा कामिनी आतून आली आणि खुर्ची ओढून बसली. तिने बांगड्या मागे सारल्या, डावा आंगठा पॅडवर दाबला, मग या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात नीट टेकवला, शाई जराही न पसरवता. साडीला शाई लागू नये म्हणून हात वर धरून ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "आज किती कागद आहेत?"

मधुकरराव म्हणाले, "वहिनी, हे काय करून राहिल्या?" नागसेन म्हणाला, "काका, काकूले हे कोणं शिकवलं जी?" मी गुरुवार मोजत होतो. तेहतीस झाले.

कोपऱ्यातला निळा ठसा कामिनीचा आहे, साक्षीदाराचा नाही. वकिलांना मी सहीचे विचारले होते, आंगठ्याचे नाही; आता कलम ५ ठेवावे की खोडावे ते मला कळत नाही. पुढे वाचणाऱ्याने वैभवीला ताबडतोब बोलवावे.

वरील प्रकार आम्हां दोघांसमोर घडला: नागसेन मेश्राम, मधुकरराव भोयर.
सही: मनोहर याकोब उजगरे
ठिकाण: नागपूर. सोमवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२४.