पिशोरच्या चौदा भाकरी

सर, पिशोरजवळच्या धनगरवस्तीवर तुम्ही सरळ घोंगडीवर मांडी घालून बसलात आणि मी उभीच, साडी मळेल म्हणून. "बसा, कॉन्व्हेंटबाई, घोंगडी चावत नाही," तुम्ही म्हणालात. हातातल्या छापील फॉर्मवरून मी त्या घरच्या म्हातारीला विचारते, घरात किती जण? "पाच." मी पाच लिहिते. तुम्ही सहज विचारता, "मावशी, भाकरी किती थापता?" "चौदा लागत्यात." "पाच जणांना?" "लेक हाय ना माघारी आलेली, तिची दोन लेकरं. त्यायला काय मोजायचं? दिल्या घरची हाय ती!" परतताना बैलगाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "घरात कोण कोण आहे, हे चुलीला विचारत जा."

तुम्ही गेल्यावर तुमचे कागद माझ्याकडे आले; उद्या विद्यापीठाचे लोक ते न्यायला येणार आहेत, आणि त्यात एक खोटा कागद आहे, माझ्या हातचा. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले तुम्ही, पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेत मराठीतून समाजशास्त्र शिकवायला उभे राहिलात. पुस्तकं नव्हती, तर आम्हाला गावं वाचायला लावलीत. मला कुटुंबाची व्याख्या इंग्रजीत पाठ होती. तुमच्याबरोबर हिंडून कुटुंब पहिल्यांदा दिसलं. तुमच्या पुस्तकातलं पिशोरच्या घरांचं प्रकरण आजही उघडलं की माझा आवाज आपोआप खाली येतो.

त्याच प्रकरणात माझा खोटेपणा बसला आहे. त्या चौदा भाकरींच्या दुसऱ्या दिवशी टेकडीपलीकडच्या शेवटच्या घरी तुम्ही मला एकटीला पाठवलंत. पायाला फोड आले होते. मी लिंबाखाली बसूनच फॉर्म भरला, आणि तुम्हाला आवडेल म्हणून त्यातही एक माघारी आलेली लेक घातली. तुम्ही वर्गात तो कागद उंच धरलात, "याला म्हणतात बघणं!" मी मान खाली घातली, सगळ्यांना वाटलं, लाजले. पुढे ती लेक छापून आली. बाकीची घरं खरी आहेत, सर, आणि तुमचं म्हणणं त्यांच्यावर उभं राहतं. पण ती बाई कधी नव्हतीच.

वह्या आणि फोटो विद्यापीठाला द्यायचे. चष्मा तुमच्या मुलीला. तुम्ही खुणा केलेली पुस्तकाची प्रत माझ्या भाचीला, ती सिल्लोडला शिकवते. तो फॉर्म वेगळ्या पाकिटात, सगळ्यांत वर ठेवायचा. त्यावर आज सकाळी मी लिहिलं, 'या घरी मी गेले नव्हते', आणि खाली सही केली. पेन्सिलीनं केली, सर, खोडता येईल अशी.