खंडेनवमीच्या सुया

२१ सप्टें. १९८७
गयाबाईच्या दंडावरचं गळू आज फोडलं. वाटीभर पू. सुई नामदेव कंपाउंडरची, दुसऱ्या कुणाची असणार. ऊसतोडीला निघायच्या आधी अख्खी टोळी त्याच्याकडून ताकदीचं इंजेक्शन घेते, एकाच सुईने. पुन्हा घेऊ नको म्हटलं, तर म्हणते, "घ्यावंच लागतंय सिस्टर, न्हाईतर कोयता उचलत न्हाई."

२३ सप्टें.
गंगाखेडला मीटिंग. आरोग्य केंद्राचे मोठे डॉक्टर साहेब म्हणाले, बोगस डॉक्टरांची नावं द्या, पोलिसांत देतो. मी नाव दिलं नाही. नामदेवला धरला म्हणून लोक सुई घ्यायचं सोडणार आहेत का? दुसरा येईल सायकलवरून.

२५ सप्टें.
सरळ नामदेवकडेच गेले. माझ्याजवळच्या सहा सुया डब्यासकट दिल्या. माणसागणिक वेगळी, मग वीस मिनिटं उकळायची. "घड्याळ न्हाई माझ्याकडं." म्हटलं, पाणी उकळलं की तीन विड्या ओढा, एकामागून एक. तोवर सुईला हात लावायचा नाही. लय हसला. पण ओढल्या, माझ्यासमोर. जमणार हे.

१ ऑक्टो. खंडेनवमी
टोळी परवा निघणार, म्हणून सकाळीच नामदेवच्या ओट्यावर रांग. बघते तर माझ्या सहाही सुया डब्यासकट पाटावर, हळदकुंकू लावून, वर झेंडू. आणि टोचणं चालू, जुन्या सुईने.
"औजार हाय सिस्टर. आज पुजायचं, चालवायचं न्हाई. नांगर तरी कुठं चालायलाय?"
"आणि ही?"
"ही पूजेत न्हाई."
संताप आला, आणि हसूही. चूक माझीच, सणाचं ध्यानात यायला हवं होतं. दोघांचं टोचून झालं होतं. तिसरी गयाबाई, पदर सारून तयार. तिला हाताला धरून बाजूला घेतलं. शेवटी नामदेवची बायको म्हणाली, "डबा ऱ्हाऊ द्या पाटावर, त्याची पूजा. सुया घ्या काढून." कुंकू घासून काढलं, सुया उकळल्या. नामदेवने तीन विड्या ओढल्या. पुढची सगळी रांग उकळलेल्या सुयांवर.

३ ऑक्टो.
ट्रक गेला. गयाबाईने वरून हात हलवला, गळवाचाच. जखम भरत आलीय. ते आधीचे दोघंही गेले, त्यांचे दंड आता कोण बघणार. दुपारी नामदेव दारात. "माझा साडू बी टोचतोय, त्याच्या गावाला. त्याला शिकवता का?" लगेच हो म्हटलं. सहा सुया त्याला लागतील, आणि मी दिलेल्या सहा भरून काढायच्या.

५ ऑक्टो.
साहेबांचा कागद. नावं आठवड्यात लेखी द्या, नाहीतर कारवाई माझ्यावर. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण बरोबर मीच आहे. नावांच्या रकान्यात लिहिलं: सुया बारा हव्यात.
पाकीट पिशवीत आहे. उद्या साडूच्या गावाला जायचं, पोस्टाची पेटी वाटेतच लागते.