चिंचेच्या पाण्यातलं पोवळं

माय, लक्ष्म्यांच्या सणाआधीची ती सकाळ. सडा झाला होता, चुलीवर चहा होता, आणि मी अंगणात तांब्याच्या घागरी चिंचेनं घासत होते. तू चार दिवसांसाठी नायगावला माझ्याकडं आली होतीस. लग्नात तू दिलेली पोवळ्यांची सर घामानं काळवंडली होती, म्हणून मी ती काढून चिंचेच्या पाण्यात टाकली आणि स्वयंपाकाला लागले. दुपारी काढली तर मणी पांढुरके, हाताला खरखरीत. तू कपाळाला हात लावलास. "घागर न् पोवळं तुला एकच वाटलं का गं?" हे ओसरीवरून हसले, "ऱ्हाऊ द्या मामी, मीठ टाका, चटणी करू." तूही हसलीस.

त्याच वर्षी हे काविळीनं गेले. दहाव्याला बायका बसल्या होत्या आणि तू म्हणालीस, "पोवळं खराब केलंस तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान खाली घातली. मलाही तसंच वाटत होतं. तू देवाघरी गेल्यावरही वाटत राहिलं.

परवा वाचनालयातून समुद्रावरचं पुस्तक आणलं. तू समुद्र कधी पाहिला नाहीस, मीही नाही. त्यात लिहिलंय, तिळाएवढे जीव पाण्यातला चुना घेऊन आपलं हाड बांधतात, थरावर थर. तेच पोवळं. गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातला वायू समुद्र पिऊन घेतो आणि त्याचं पाणी आंबटाकडं झुकतं. चिंचेच्या पाण्याइतकं नाही, जिभेला कळणारही नाही. पण हाडाला लागतं ते त्या पाण्यात कमी पडतं. जीव लगेच मरत नाही. तेवढंच हाड बांधायला त्याला जास्त राबावं लागतं, आणि बांधतो तेही विरळ, ठिसूळ. मोठ्या लाटेला मोडतं. अशानं समुद्राच्या तळाची गावंच्या गावं ओस पडतायत. ते पान मी तीनदा वाचलं. पोवळं फिकं पडलं म्हणून घरातला माणूस जातो, असं कुठंच नव्हतं. आंबटात चुना विरतो, एवढंच.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. सुनेला मीच पोवळ्याची अंगठी केली आणि आंबटाला लावू नको म्हणून रोज बजावलं. पाचव्या महिन्यात तिनं अंगठीसकट लिंबाच्या लोणच्यात हात घातला. अंगठी फिकी पडली, आणि पुढच्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं. ती खाटेवर पडलेली असताना मी म्हणाले, "लिंबात हात घातलास, तिथंच लेकरू गेलं." ती भिंतीकडं वळली. तेव्हापासून औशाला माहेरी आहे. पोरगा जातो, एकटाच परत येतो, माझ्याशी बोलत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ते बोलताना मला बरं वाटलं होतं, माय. इतकी वर्षं माझ्या एकटीवर होतं, ते दुसरीवर गेलं म्हणून.

ते पान वाचून काल पहाटेच्या गाडीनं औशाला गेले. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या आईबापासमोर म्हणाले, "लेकरू तुझ्यामुळं गेलं नाही. मी वाईट बोलले." ती रिकामा तांब्या उचलून आत गेली. शेवटच्या गाडीनं एकटीच परत आले.