एका खणात मावेल तेवढं जॅझ

४ फेब्रुवारी

एक खण! अख्खी भिंत भरून जॅझच्या रेकॉर्डी, आणि दादा म्हणतो, एक खण मिळेल. बाबांना जाऊन सहा महिने होत नाहीत तोच आईला स्वतःकडे न्यायचं, हे घर भाड्याने द्यायचं, सगळं ह्याने ठरवून टाकलं. "माझ्या कपाटात मावतील तेवढ्या निवडू, बाकीच्या विकून टाकू." जुन्या रेकॉर्डी घेणारा एक माणूस दहा तारखेला येणार — तेही ठरलंय.

मी म्हटलं, बाबांच्या जिवाभावाच्या गोष्टी आहेत. निवडायच्या तर नीट निवडू.

५ फेब्रुवारी

दादाने फोनवर कुठलीशी यादी काढली आहे. घरच्या संग्रहात असायलाच हव्यात अशा जॅझच्या रेकॉर्डी! कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलेली. किराणा भरावा तसा भराभर काढत होता. यादीत नाही ती जमिनीवर. एका क्लबमध्ये लोकांसमोर वाजवताना भरलेली ती रेकॉर्ड — पियानोच्या मागे ग्लासांची किणकिण आणि कुणाचं तरी खोकणं ऐकू येतं — तीही जमिनीवर. "आवाज खराब आहे गं तिचा." आवाज खराब म्हणे! ह्याला ट्रम्पेट कुठला आणि सॅक्सोफोन कुठला ते ओळखता येत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आई मध्येच म्हणाली, आडव्या रचू नका, वाकतात. दादा "हो, हो" म्हणाला आणि तशाच रचत राहिला.

६ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "हल्ली सगळं मोबाइलवर ऐकता येतं की." मी फोनच ठेवून दिला.

८ फेब्रुवारी

दादाचा ढीग मोडला आणि स्वतःच निवडायला बसले. बाबा संध्याकाळी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचे, ते आठवून. म्हणजे संथ हवं. दबक्या आवाजातला सॅक्सोफोन, ड्रमवर काड्यांऐवजी ब्रश फिरवलेले, असं. पंधरा-वीस जणांचे मोठे ताफे बाद. आणि सगळे एकदमच आपापलं वाजवत सुटतात ना, भांडल्यासारखं — ते तर आधी बाद. आईने त्यातलीच एक उचलून हळूच माझ्या ढिगावर ठेवली. मी परत खाली ठेवली. म्हटलं, "आई, हा गोंगाट बाबांना कसा आवडेल? तू राहू दे, मी बघते." ती चहा टाकायला गेली.

संध्याकाळी दादा आला आणि भडकलाच. "यादीतल्या निम्म्या गाळल्यास तू!" मग मीही सुनावलं. तू कधी बसलास का बाबांजवळ ऐकायला? त्यांना काय आवडायचं ते तुला काय माहीत? तो म्हणाला, तू तरी कुठे इथे राहतेस. हे फार लागलं. एकमेकांना नाही नाही ते बोललो. आई फडक्याने एकेक कव्हर पुसून उभं लावत होती.

९ फेब्रुवारी

दादाशी बोलणं बंद. पण माझ्या ढिगातली एकही देणार नाही.

१० फेब्रुवारी

रेकॉर्डी घ्यायला आलेल्या त्या माणसाला आईने दारातूनच परत पाठवलं. मग आम्हा दोघांना समोर बसवलं. "रेकॉर्डी माझ्या आहेत. लग्नाच्या आधीपासून घेत आलेय. ह्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी लावायची, ते सोबतीला बसायचे आणि झोपून जायचे."

दादा म्हणाला, "अगं, मग आधी बोलायचं नाहीस का?"

"विचारलंत कधी? मी तुझ्याकडे राहायला येते का, हेही नाही विचारलंस. नाही येत मी."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मला खूप लाज वाटली. मीही नव्हतं विचारलं.