अतिरिक्त वेळेचा फॉर्म

२ जानेवारी
वीस वर्षं भूगोल शिकवला. आजपासून दिव्यांग विद्यार्थ्यांना बारावीनंतर पुढे काय, याचं मार्गदर्शन माझ्याकडे. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, जबाबदारीचं काम आहे. म्हणूनच मला दिलं असणार.
संकल्प : प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेणे. वहीत लाल शाईने लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या.

४ जानेवारी
पहिली विद्यार्थिनी. चाकाच्या खुर्चीत बसते. डोकं तल्लख, पण बोलणं सावकाश. एकेक शब्द सुटायला वेळ लागतो. सगळी शाळा तिला वकीलबाई म्हणते. टोपणनावांचा मला मनस्वी तिटकारा. त्यातून माणसाबद्दल काय कळतं?
ती म्हणाली, सर, मला... मी म्हटलं, कळलं, कम्प्युटर! तिने मान हलवली. हो की नाही ते नीट दिसलं नाही. हो धरलं.
डेटा एंट्रीचा कोर्स पक्का. इमारतीला रॅम्प आहे. एकूण वेळ चार मिनिटं. या वेगाने महिनाअखेर सगळ्यांची आयुष्यं मार्गी लागतील.

९ जानेवारी
वकीलबाई पुन्हा. हातात कसलासा फॉर्म. म्हणाली, सर, यावर तुमची... मी म्हटलं, नजर ना? टाकतो, टाकतो. फॉर्म 'अत्यंत महत्त्वाचे' या फाइलीत ठेवला. ही फाइल माझीच कल्पना. तिच्यातलं काही हरवत नाही.

१२ जानेवारी
शिपाईमावशी तिची खुर्ची ढकलतात, त्यामुळे त्यांना वाटतं आपल्याला सगळं कळतं. म्हणाल्या, सर, पोरगी दोनदा येऊन गेली, जरा ऐकून घ्या की. मी शांतपणे समजावलं, मावशी, ऐकणं हे शास्त्र आहे. मी त्याचं दोन दिवसांचं शिबिर केलंय. मावशी वळून चालू लागल्या. पटलं असावं.

१५ जानेवारी, ११.१०
मुख्याध्यापिकाबाईंनी तातडीने बोलावलं. वकीलबाईने कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरलाय म्हणे. कायदा! मला कुणी सांगितलंच नाही.
तिला पेपरासाठी जादा वेळ मिळायला हवा. त्या फॉर्मवर मार्गदर्शकाची सही लागते. आज पाचच्या आत परीक्षा कार्यालयात पोचला नाही, तर तिला इतरांएवढाच वेळ. त्यात तिचा निम्मा पेपरही व्हायचा नाही. वर्ष हातचं जाणार.

११.४०
फाइल सापडत नाही.

१.१५
फाइल सापडली. आत फॉर्म नाही.

२.०५
फॉर्म मिळाला! नकाशांच्या गुंडाळीत. तिथे कुणी ठेवला, देव जाणे. ताबडतोब सही ठोकली.

२.१०
सही पालकांच्या रकान्यात. रकानेच नीट आखलेले नाहीत.

२.३०
बाईंनी माझ्या हातातून फॉर्म काढून घेतला. चार शब्द सुनावले असते तरी परवडलं असतं.
कोरा फॉर्म आणला. वकीलबाई सांगते, मावशी लिहितात. तिच्या आईला कामावरून बोलावून घेतलंय. मी दोनदा मदतीसाठी तोंड उघडलं. मावशींनी दोन्ही वेळा हात वर करून मला थांबवलं. स्वतः मात्र एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. हे शिबिर त्यांनी कुठे केलं?

३.३५
आईची सही झाली. माझीही, जागा मावशींनी बोट ठेवून दाखवली. तिघी शाळेच्या व्हॅनने निघाल्या. मी येतो म्हटलं. जागा नाही म्हणाल्या. जागा होती.

४.२०
फोन नाही. खूप भीती वाटते आहे. तिच्यासाठी. खरंच तिच्यासाठी.

४.५२
फॉर्म जमा झाला. भूगोलाच्या खोलीत बसून रडलो. कुणी पाहिलं नाही.

१६ जानेवारी
एकंदरीत मोहीम फत्ते. माझ्या देखरेखीखाली सांघिक काम कसं झालं, यावर अहवाल लिहावा म्हणतो.
दुपारी वाचनालयाच्या दाराशी उभा होतो. समोरून वकीलबाई आली, पाठीमागे मावशी. आभार मानायला येणारच होती. उत्तर तयार होतं : त्यात काय, माझं कर्तव्यच ते.
ती म्हणाली, सर... मी ओठ घट्ट मिटले. काय वाटेल ते होवो, आज मध्ये बोलायचं नाही. अर्धं मिनिट लागलं असेल. तिचं अख्खं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.
म्हणाली, सर, दारातून जरा बाजूला व्हा.
झालो.