जोडीतला एक बैल

जाफराबाद,
१० एप्रिल १९७४

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या भुजंगाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

माझं शाळेत शिकवणं बराबर चाललंय. खानावळीची भाकर आता मानवली. मायचा दमा कसा आहे? वहिनींना नमस्कार सांगा.

शाळेमागं राहणाऱ्या दोन भावांची गेल्या हप्त्यात वाटणी झाली. पंच होते गावातले म्हातारे अप्पाराव. त्यांनी जमीन निम्मी केली आणि बैलजोडी फोडून दोघांना एकेक बैल दिला. सगळे हसले. एका बैलावर कोण पेरणार? मीही त्यांना तेच विचारलं.

म्हणाले, "गुरुजी, पेरणीला मंग एकमेकाच्या दारात जावंच लागंल की. त्यासाठीच तर जोडी फोडली."

गाव त्यांना शहाणं म्हणतं ते उगाच न्हाई.

तुम्ही वाटणीचं लिहिलंत, ते वाचलं. मी आडवा येणार नाही. विहिरीकडचं रान तुम्हीच घ्या. फक्त आपल्या जोडीतला मोऱ्या माझ्या वाटणीला टाका. राहू द्या तुमच्याच गोठ्यात. पेरणी आली की तो मागायला तरी मला हाक माराल.

तुमच्या पाठचा,
भुजंग