दाराबाहेरचा बाक

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी खुर्चीवर नीट बस आणि मग वाच. आमचा प्रस्ताव काल तुमच्या परिषदेकडे गेला! देशातल्या मोठ्या यंत्रांना निधी द्यायचा की नाही हे जिथे ठरतं, त्याच कचेरीत माझी सख्खी बहीण बसते, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. मनातल्या मनात मात्र सारखा मिशीवर ताव देतोय. मिशी नसली तरी.

यंत्र काय आहे ते पुन्हा सांगतो, कारण गेल्या वेळी तू जांभई दिली होतीस. भलंमोठं गोल कडं. त्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळतात, आणि आमची चुंबकं त्यांना वळवतात. वळताना ते असा लखलखीत क्ष-किरण सोडतात की त्या उजेडात हाडाच्या आतली जाळी दिसते, औषधाचा रेणू दिसतो, बॅटरी आतून का मरते ते दिसतं. एकट्या विद्यापीठाला हे झेपणारं नाही. देशानेच मनावर घ्यायला हवं. लहानपणी मी अंगणात गोल गोल फिरायचो म्हणून तुम्ही मला भोवरा म्हणायला लागलात. बघ, शेवटी त्यातच करिअर केलं.

एक गोष्ट तुला म्हणून सांगतो. जागेच्या मागच्या रस्त्याने दगडांचे ट्रक जातात. ते गेले की टेबलावरचा चहा थरथरतो. आमचा किरण केसाहून बारीक, त्याला एवढी थरथरही खपणारी नाही. प्रस्तावात हे लिहिलेलं नाही. आमचे संचालक म्हणाले, आत्ता लिहिलं तर परिषद घाबरेल, मंजुरी मिळू दे, मग बघू. मलाही पटलं. तेवढा तुमच्या साहेबांच्या कानावर एक शब्द टाकशील ना?

लोभ आहेच, पण धाकट्याच्या वाट्याला थोडा जास्त येऊ दे.
तुझा,
भोवरा


१९ जून

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारून घेतला. अरे शहाण्या, तुमचा प्रस्ताव टेबलावर आला त्याच दिवशी मी साहेबांना जाऊन सांगितलं की हा माझा भाऊ. आमच्याकडे रीतच आहे. नात्यातल्या माणसाचं प्रकरण निघालं की आपण उठायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेरच्या बाकावर बसायचं. आतलं काही ऐकायचं नाही, नंतर विचारायचं नाही. तुमचा प्रस्ताव दुसऱ्या प्रयोगशाळांतली माणसं तपासतील, प्रत्यक्ष जागा बघायला येतील. त्यांना माझं नावगाव ठाऊक असण्याचं कारण नाही. शब्दबिब्द टाकायचा विचार डोक्यातून काढून टाक.

आणि तो चहा! तो मला कशाला सांगितलास रे? आता मला माहीत आहे आणि ज्यांना माहीत हवं त्यांना नाही. साहेबांना मी ते सांगितलेलं नाही. भावाने बहिणीला घरी लिहिलेलं आहे ते, आणि ते सांगायचं काम तुझं आहे, माझं नाही. पण नीट ऐक. तू मूग गिळून बसलास आणि तसाच निधी मिळाला, तर मी राजीनामा देईन. माहीत असून गप्प राहिलेली बाई त्या खुर्चीवर नको. धमकी समजू नकोस, मला दुसरं काही सुचतच नाही.

निकाल लागेपर्यंत तू मला पत्र लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. तुझी खुशाली आईकडून कळेल. जेवणाच्या वेळा पाळ.

लोभ आहे. तो आता काही दिवस मुकाट्याने बसेल.
तुझी,
ताई


२ जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

तुझी मोठी लेक माझ्याशी बोलत नाही. कारण ती सांगेल तेव्हा सांगो, मी माझं सांगून मोकळा होतो. तिने मला कोंडीत पकडलंय. जमिनीच्या थरथरीबद्दल मी परीक्षकांपुढे बोललो, तर आमचं कडं जातं. नाही बोललो, तर तिची नोकरी जाते. म्हणजे मी कसाही वागलो तरी घरात कुणाचं तरी वाटोळं ठरलेलंच.

तुला गल्लीतला तो खेळ आठवतो? ताई पंच होती. चेंडू माझ्या बॅटला निसटता लागून मागे झेल गेला. कुणाला कळलं नाही, कुणी ओरडलं नाही. आणि हिने आपण होऊन बोट वर केलं! सख्ख्या भावाला आऊट! तेव्हापासून ही बाई तशीच बोट वर करून उभी आहे.

गटातली तरुण पोरं सात वर्षं ह्या कड्यावर राबली आहेत गं. एकीने बाहेरदेशची चांगली जागा सोडली. त्यांच्या तोंडाकडे बघून मी काय सांगू? आई, तू तिला समजाव. तुझं ती ऐकते.

पाय दुखायचे थांबले का ते कळव. लोभ तुझा आहेच, त्यात काय मागायचं.
तुझा,
भोवरा


९ जुलै

चि. भोवऱ्या,
अ. उ. आ.

पाय दुखतात, पण तुझं पत्र वाचून डोकं जास्त दुखलं. मी निरोप्या नाही. पस्तीस वर्षं शाळा चालवली, दोन भांडखोरांमध्ये मधे पडायचं नसतं एवढं कळतं मला.

पण तुला जे माहीत नाही ते सांगते. ताईने बजावलं होतं की त्याला कळू देऊ नकोस, तरी सांगते, मी कुठल्या परिषदेवर नाही. त्यांच्या मोठ्या प्रकल्पांच्या विभागाची प्रमुख म्हणून ह्याच महिन्यात तिची नेमणूक व्हायची होती. किती वर्षं ती त्या खुर्चीची वाट बघत होती, तुला ठाऊक आहे. ह्या खेपेचं सगळ्यात मोठं प्रकरण तुमचं कडं. प्रमुखच दाराबाहेर बसली तर काम कसं चालायचं? म्हणून तिने आपण होऊन सांगितलं की ह्या वेळी दुसऱ्या कुणाला नेमा. मला फोनवर सांगताना हसत होती. हसणं खोटं होतं. आईला कळतं.

आणि त्या खेळाचं म्हणशील, तर तू पाय आपटत घरी आलास आणि जेवला नाहीस. ती मागे राहिली. ती पोरं तुला रडका म्हणाली म्हणून एकाचा सदरा फाडून आली! मला त्याच्या आईची बोलणी खावी लागली. आऊट दिला म्हणजे माया नव्हती असं नाही रे.

शेजारची शिंपीणबाई मला परवा विचारत होती, तुमचा मुलगा काय करतो. मी कड्याचं सांगितलं. म्हणाली, म्हणजे आमच्या करातूनच होणार ना, मग चांगलं दणकट करा म्हणावं. मी म्हटलं, माझा मुलगा आहे, दणकटच करेल. आता माझं नाक कापू नकोस.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही जपून ठेव.
आई


२८ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न.

परीक्षक येऊन गेले. हे पत्र ताईला निकाल लागेपर्यंत दाखवायचं नाही, शपथ आहे.

तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग एके सकाळी गटाला बोलावलं आणि सांगितलं की मी थरथर दाखवणार आहे. वाटलं, पोरं खातील मला. तर ती बाहेरदेशची जागा सोडलेली मुलगी म्हणाली की तिने केव्हाच सगळी मोजमापं करून ठेवली आहेत, मी कधी विचारतो याचीच ती वाट बघत होती! आई, मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं. मग आम्ही सगळे मिळून आराखडा पुन्हा मांडायला बसलो. टेकडीच्या पलीकडे, रस्त्यापासून लांब, कड्याखाली एकसंध जाड काँक्रीट, आणि भिंतींचा त्याला कुठेही स्पर्श नाही. वेळ जास्त लागणार, खर्चही वाढणार.

परीक्षक आले त्या दिवशी मी जमिनीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि म्हटलं, आता ट्रक येईपर्यंत थांबू या. आणि काय सांगू, एरवी दिवसभर धडधडणारे ट्रक त्या दिवशी येईनात! देशातले मोठमोठे शास्त्रज्ञ वाटीभोवती उकिडवे बसलेत, संचालकांचा चेहरा लालबुंद. त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी तर पर्समधून बिस्किटं काढून सगळ्यांना वाटली. शेवटी एक ट्रक आला. पाण्यावर बारीक वलयं उठली. मी सांगितलं की ही आमची उणीव, ही आम्ही प्रस्तावात लिहिली नव्हती, लिहायला हवी होती, आणि हा त्यावरचा उपाय. परवडत नसेल तर नाही म्हणा, पण अर्धवट जागेवर कडं मागणार नाही.

त्यानंतर बाईंनी दुपारभर आम्हाला नुसतं सोलून काढलं. निकाल काय लागेल देव जाणे. पण रात्री झोप छान लागली.

लोभ ठेव, आणि त्यातला राग आता काढून टाक.
तुझा,
भोवरा


१५ नोव्हेंबर

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

निकाल जाहीर झाला, आता मी लिहू शकते.

बैठकीच्या दिवशी तुमचं प्रकरण पुकारलं आणि मी उठले. बाहेरच्या बाकावर बसले. शिपाईमामांनी न विचारता पाणी आणून दिलं, एवढी मी पांढरी पडले होते म्हणे. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला होता. तू जागेबद्दल बोललास की नाही मला ठाऊक नव्हतं, आणि आई शपथेवर ताठ होती. तेवढ्यात आतून मोठा हशा आला. वाटलं, झालं, माझ्या भावाला हसतायत. बोट वर करायला मी नेहमी पुढे, पण तिथे बसून माझं एकच चाललं होतं, देवा, ह्याला सांभाळ.

नंतर निकालपत्र सगळ्यांसाठी उघडं झालं तेव्हा वाचलं. आतमध्ये परीक्षकांतल्या ज्येष्ठ बाई ट्रकची वाट बघण्याची गोष्ट सांगत होत्या! मंजुरी लगेच पूर्ण नाही. आधी टेकडीपलीकडच्या जागेसाठी आणि काँक्रीटच्या चाचणीसाठी निधी, जमीन गप्प राहिली की उरलेलं कडं. आणि ते देशातल्या सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं, ज्याचा अर्ज चांगला त्याला यंत्र वापरायला वेळ. तेही दुसरेच ठरवतील, तुम्ही नाही. आणखी एक गंमत. यापुढे मोठं यंत्र मागणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या उणिवा पहिल्या पानावर लिहायच्या, असा नियम झालाय. आमच्या कचेरीत त्या पानाला वाटी म्हणतात. परवा एका प्रस्तावावर साहेबांनी शेरा मारला की वाटी कोरडी आहे, परत पाठवा. मी सगळ्यांदेखत डोळे पुसले. सर्दी झालीय असं सांगितलं.

राजीनाम्याचे चार तुकडे केले. भोवऱ्या, मला तुझा फार फार अभिमान वाटतो. हे तोंडावर सांगायला मला जमायचं नाही, म्हणून इथे लिहिते.

लोभ होताच रे. मधे फक्त त्याला बोलायची परवानगी नव्हती.
तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या पत्राला आता सहा वर्षं होऊन गेली. ते अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, येणारे-जाणारे वाचतात, मला लाज वाटत नाही.

काल कड्यातून पहिला उजेड आला! पडद्यावर एक पांढरा ठिपका. तेवढ्यासाठी एवढी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, आमचे संचालकसुद्धा. मग मी वाटी काढली. मुद्दाम मागच्या रस्त्याचा एक ट्रक टेकडी ओलांडून इकडे बोलावून घेतला आणि कड्याला लागून न्यायला लावला. पाणी हललं नाही ताई. आरशासारखं नुसतं पडून होतं.

वेळ मिळावा म्हणून देशभरातून अर्ज आले. ठिसूळ हाडांवर काम करणारी एक डॉक्टर पहिली. आणि आमच्याच गटाचा अर्ज समितीने पहिल्या फेरीत नापास केला! यंत्र आम्ही बांधलं, आणि आम्हीच बाहेर! मुलं चिडली होती. मी मात्र पोट धरून हसलो. त्यांना म्हटलं, देशाचं यंत्र आहे, पंच चोख बसलेत, तक्रार कसली करता, पुढच्या फेरीला नीट अर्ज लिहा.

तू आता विभागप्रमुख आहेस, तरी आमची फाइल निघाली की अजून उठून जातेस, असं आई सांगते. सांगताना तिचा आवाज कसा होतो ते तुला माहीत आहे. शिंपीणबाईंनाही तिने उद्घाटनाला यायला लावलंय. दणकट झालंय की नाही ते त्या स्वतः बघणार आहेत.

व्यासपीठावर तू बसणार नाहीस हे मी धरूनच चाललोय. म्हणून एक काम करून ठेवलं. कड्याच्या खिडकीसमोर, जिथून तो उजेड दिसतो, तिथे एक साधा लाकडी बाक करून घेतला. त्यावर पहिलं कुणी बसायचं ते गटातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मला आऊट देणारी माझी बहीण कोण, हे मी आता गावभर सांगत सुटलोय.

लोभ पुष्कळ केलास, तोही बंद दाराआडून. आमच्यासाठी फार दिवस बाहेर बसलीस ताई. आता आत ये.
तुझा,
भोवरा